नॅनोतंतू हव्या त्या जागी आणि हव्या त्या दिशेत बसवताना

आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत दर जुलैत नवे विद्यार्थी येतात आणि इलेक्ट्रोस्पिनिंगचे, म्हणजे उच्च विद्युतदाबाने पॉलिमरच्या द्रावणातून नॅनोतंतू ओढण्याचे, यंत्र पाहून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, ड्रम किती आरपीएमवर ठेवायचा?" या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देतो, कारण तंतू गोळा करणाऱ्या ड्रमचा वेग हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. तंतू वाकडेतिकडे पडले की सगळे वेग वाढवत सुटतात, आणि दोष बहुधा अर्थिंगमध्ये, खोलीतल्या हवेत किंवा सुईच्या टोकाशी असतो. म्हणून या लेखातला क्रम तसाच ठेवला आहे: आधी हवा, मग अर्थिंग, मग द्रावण, आणि त्यानंतर संरेखनाच्या, म्हणजे तंतू एका दिशेत रांगेने बसवण्याच्या, पद्धती.

तंतू वाकडा का पडतो

सिरिंज पंप पॉलिमरचे द्रावण सुईच्या टोकाशी हळूहळू ढकलतो आणि सुईला साधारण १० ते २० किलोव्होल्टचा दाब दिलेला असतो. टोकावरच्या थेंबाचा ताणून शंकू होतो. जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये या शंकूचा अर्धकोन ४९.३ अंश काढला, म्हणून तो टेलर शंकू म्हणून ओळखला जातो. शंकूच्या टोकातून निघालेली धार काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर सरळ जाते. पुढे धारेवरचे सजातीय भार एकमेकांना ढकलू लागतात, धार बाजूला वळते आणि तिची वेटोळी वाढत्या घेराने खाली उतरतात. प्रयोगशाळेच्या बोलीत यालाच व्हिपिंग म्हणतात. तंतू बारीक होतो तो याच टप्प्यात, आणि दिशाहीन होतो तोही याच टप्प्यात. बारीकपणा आणि शिस्त यांची ही ओढाताण सगळ्या कामात सोबत असते.

त्यातून वाट काढण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे विद्युतक्षेत्राचा आकार असा करायचा, की तंतूवर आडवी ओढ येईल. दुसरा म्हणजे फिरत्या पृष्ठभागाने तंतू ओढून घ्यायचा. तिसरा म्हणजे व्हिपिंग सुरू होण्याआधीच, सरळ भागातच, धार पकडायची. बाजारातली महागडी यंत्रे असोत की लेथवर बनवून घेतलेला जुगाड असो, सगळे याच तिघांचे मिश्रण असते.

त्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्याला सरळ तंतू खरोखर हवे आहेत का? हवा गाळण्याच्या पडद्याला त्यांची काही गरज नसते. तिथे विस्कळीत जाळीच चांगली. चेतापेशींना वाट दाखवायची असेल, कंडरेसारखी एका दिशेत मजबूत पट्टी हवी असेल किंवा दोन इलेक्ट्रोडांवर एकच तंतू ताणून त्याची वाहकता मोजायची असेल, तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

खोलीतली हवा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली उतरते. पावसाळ्यात तीच ऐंशीच्या वर जाते. पॉलिमर तोच, विद्रावक तोच, व्होल्टेज तोच, आणि तरीही मेमधला नमुना व ऑगस्टमधला नमुना सख्खे भाऊ वाटत नाहीत. पाण्यातले पीव्हीए (पॉलिव्हिनिल अल्कोहोल) दमट हवेत नीट वाळत नाही, तंतू ओले पडून एकमेकांना चिकटतात. क्लोरोफॉर्मसारख्या झटपट उडणाऱ्या विद्रावकातले पॉलिमर दमट हवेत सच्छिद्र होते आणि कोरड्या, गरम हवेत सुईच्या टोकाशीच सुकून तिचे तोंड बंद करते. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) या विद्रावकातल्या पॅन (पॉलिॲक्रिलोनायट्राइल) या पॉलिमरला पाणी सोसत नाही. हवेतली वाफ शोषून ते टोकाशी जेलीसारखे घट्ट होते.

यात आपल्याकडची एक खास भर म्हणजे कूलर. एका मेमध्ये माझे तीन आठवड्यांचे नमुने वाया गेले. सकाळी केलेल्या नमुन्यांत तंतू ओळीने बसायचे आणि दुपारचे सगळे विस्कटलेले असायचे. द्रावण बदलले, सुई बदलली, मोटरवर संशय घेतला. शेवटी टेबलावर आर्द्रतामापक ठेवला, तेव्हा सकाळी १८ टक्के दाखवणारा काटा कूलर सुरू झाल्यावर पाऊण तासात पन्नाशी ओलांडून गेला. वर त्या कूलरचा झोत ॲक्रिलिकच्या पेटीच्या फटीतून थेट धारेवर येत होता. तेव्हापासूनचा नियम असा, की यंत्र बंद पेटीत ठेवावे, पेटीत आर्द्रतामापक असावा आणि प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत तापमान व आर्द्रता लिहावी. साधारण २० ते २५ अंश आणि ३० ते ५० टक्के ही सुरुवातीला सोयीची पट्टी आहे. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलचे ताट ठेवले तरी बराच फरक पडतो. विद्रावकाची वाफ बाहेर नेणारा पंखा हवाच. फक्त त्याची ओढ इतकी मंद असावी, की पेटीत लटकवलेला टिश्यू पेपरचा तुकडा जेमतेम हलेल.

अर्थिंग

तंतू सर्वांत जवळच्या, नीट अर्थ झालेल्या धातूकडे धाव घेतो. कलेक्टरची, म्हणजे तंतू गोळा करणाऱ्या पृष्ठभागाची, अर्थिंग कच्ची असेल, तर त्याच्यावर भार साचतो आणि तंतू पंपाच्या पत्र्यावर, मोटरच्या अंगावर किंवा चालवणाऱ्याच्या हातावर जाऊन बसतात. टेबलाच्या पायाला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले, की अर्थिंगच तपासावी.

काळ्या मातीत पुरलेल्या अर्थिंगचा उन्हाळ्यात भरवसा नसतो, कारण माती वाळून भेगाळते आणि अर्थचा रोध वाढतो. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित पाणी पडते की नाही, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे. यंत्राजवळ तांब्याची एकच पट्टी ठेवून कलेक्टर, पेटीची चौकट आणि वीजपुरवठ्याचा अर्थ हे सारे तिथेच आणून जोडावे.

सुरक्षेचे दोन शब्द इथेच. व्होल्टेज बंद केले म्हणजे सुईवरचा भार गेला असे होत नाही. लाकडी किंवा फायबरच्या दांड्याला लावलेली अर्थची तार सुईला टेकवल्याशिवाय पेटीत हात घालू नये. दार उघडताच पुरवठा तुटेल असा स्विच दाराला बसवावा. विद्रावक पेट घेणारा असेल तर एक ठिणगीही पुरते, आणि डीएमएफ कातडीतून शरीरात शिरते. एकट्याने हे यंत्र चालवू नये.

आधी धार स्थिर करा

संरेखनाच्या मागे लागण्याआधी साध्या सपाट पत्र्यावर अर्धा तास एकसारखी धार चालली पाहिजे. नवख्यांसाठी मी दोन द्रावणे सुचवतो: पाण्यात ८ ते १० टक्के पीव्हीए, किंवा क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ३:१ या प्रमाणात घेऊन त्यात १० ते १२ टक्के पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन). सुई २० ते २२ गेजची, टोक घासून सपाट केलेली. पंपाचा वेग तासाला ०.५ ते १ मिली, आणि सुई ते कलेक्टर अंतर १२ ते १५ सेंमी.

व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवावे आणि बाजूने टॉर्चचा उजेड टाकून, मागे काळा कागद लावून सुईचे टोक पाहावे. कमी व्होल्टेजला थेंब ठिबकतो, मग शंकू होऊन एक धार निघते, आणि अती झाल्यावर शंकू सुईच्या आत ओढला जाऊन दोन-तीन धारा फुटतात. संरेखनासाठी एकच धार हवी. एका सुईतून दोन धारा निघाल्या, तर त्या एकमेकींना ढकलतात आणि पुढची सारी गणिते कोलमडतात. शंकू स्थिर राहतो त्या व्होल्टेजची खालची आणि वरची मर्यादा नोंदवून मधोमध राहावे.

आता पत्र्यावर काच ठेवून दहा सेकंद तंतू घ्यावेत आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. तंतूवर मणी ओवल्यासारखे दिसले तर द्रावण पातळ आहे. एकेक टक्क्याने घट्ट करावे. मण्यांचे तंतू कधीच नीट रांगेत बसत नाहीत.

जागा ठरवणे

तंतू कुठे पडतो हे विद्युतक्षेत्राच्या रेषा ठरवतात, म्हणून कलेक्टरवर हात लावण्याआधी क्षेत्र आवरावे. पत्र्यावर दोन मिनिटे तंतू घेतले की पांढरा डाग दिसतो. त्याचा व्यास आणि मध्य पट्टीने मोजून ठेवावा. डाग सुईच्या बरोबर खाली नसेल, तर आसपासचा कोणतातरी धातू त्याला खेचतो आहे. आमच्याकडे एकदा तो दोषी पेटीच्या बिजागरीचा स्क्रू निघाला.

डाग लहान करण्याचे तीन उपाय मला विश्वासाचे वाटतात. एक, सुईभोवती थोडे मागे, सुईच्याच व्होल्टेजवर जोडलेले धातूचे कडे लावणे. ते धारेला चहूबाजूंनी आत ढकलते आणि व्हिपिंगचा घेर आखडतो. दोन, मोठ्या पत्र्याऐवजी टोकदार किंवा अरुंद कलेक्टर घेणे, म्हणजे रेषा तिथेच एकवटतात. तीन, कलेक्टरला अर्थऐवजी उणे १ ते ५ किलोव्होल्ट देणे. या तिसऱ्यात कलेक्टरही जिवंत होतो, त्यामुळे त्याची मोटर आणि चौकट नीट विलग केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. ठरावीक आकारात तंतू हवे असतील, तर अर्थ केलेल्या पत्र्यावर कापलेल्या प्लास्टिकचा साचा ठेवावा. तंतू बहुतांशी उघड्या धातूवर बसतात. पण प्लास्टिकवर भार साचत गेला की कडा धूसर होतात, म्हणून असे नमुने पातळच ठेवावेत.

फिरता ड्रम

इतवारीतल्या लोहाओळीतून ॲल्युमिनियमचा पाइप आणून लेथवर ड्रम करून घेता येतो. व्यास १० सेंमी, लांबी १५ सेंमी, भिंत जाड. लेथवाल्याला एकच गोष्ट बजावून सांगावी: ड्रम फिरताना डगमगायला नको. डायल गेज लावून ०.१ मिमीच्या आत डगमग आणली, तर दोन हजार आरपीएमलाही ड्रम शांत फिरतो.

ड्रमची अर्थिंग बेअरिंगमधून होते असे धरून चालू नका. बेअरिंगच्या ग्रीसचा थर वीज अडवतो, आणि ड्रम थांबलेला असताना लागलेला संपर्क फिरताना सुटतो. मल्टिमीटरची एक पिन ड्रमला आणि दुसरी अर्थच्या पट्टीला लावून ड्रम हाताने सावकाश फिरवून पाहा; आकडा दोन ओहमवरून एकदम अनंतावर उड्या मारताना दिसू शकतो. त्यासाठी शाफ्टवर स्प्रिंगने दाबलेला कार्बन ब्रश हवा. मिक्सरच्या मोटरचे कार्बन सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतात आणि छान चालतात. मोटर आणि ड्रम यांच्यामध्ये नायलॉनचा कपलिंग घालावा. तो न घातल्यामुळे आमचा वेगनियंत्रक एका ठिणगीत गेला.

आता तो आरपीएमचा प्रश्न. आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या, हा आकडा एकटा निरर्थक आहे. पृष्ठभागाचा वेग काढावा. व्यास मीटरमध्ये घेऊन त्याला ३.१४ ने आणि सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणावे. १० सेंमीचा ड्रम २००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला ३३.३ फेऱ्या, म्हणून वेग सुमारे १०.५ मीटर प्रतिसेकंद. सेकंदाला एक-दोन मीटरला तंतू जवळजवळ विस्कळीतच पडतात. साधारण चार मीटरपासून दिशा दिसू लागते आणि आठ ते बारा मीटरच्या पट्ट्यात बहुतेक पॉलिमर चांगले बसतात. त्यापुढे ड्रम स्वतःभोवती हवा ओढू लागतो, धार फडफडते आणि तंतू तुटतात. वेग वाढवूनही ओळ बिघडत असेल, तर बऱ्याचदा हेच कारण असते.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तासाला ०.५ मिली द्रावण, त्यात १० टक्के पॉलिमर, म्हणजे तासाला ०.०५ ग्रॅम. पॉलिमरची घनता १.२५ धरली तर ०.०४ घन सेंमी. तंतूचा व्यास ३०० नॅनोमीटर असेल, तर एवढ्या मालाचा तासाला सुमारे ५६६ किलोमीटर लांब तंतू होतो. नागपूर ते हैदराबाद रस्त्यापेक्षाही जास्त. सेकंदाला हे १५७ मीटर झाले. दहा मीटरने फिरणारा ड्रम एवढी लांबी ताणून घेऊच शकत नाही; तो उतरणारी वेटोळी फक्त एका दिशेत लांबट करून दाबून बसवतो. तंतू एक मायक्रॉन जाड आणि पंप तासाला एक मिली असेल, तर हाच आकडा सेकंदाला तीस मीटरच्या आसपास उतरतो. म्हणून जाड तंतू ड्रमवर लवकर सरळ होतात आणि बारीक तंतू हट्ट करतात. बारीकच तंतू हवे असतील, तर आधी पंपाचा वेग कमी करावा, ड्रमकडे नंतर पाहावे.

ड्रमवर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळताना जोडाची कड फिरण्याच्या उलट दिशेला असावी, नाहीतर वारा शिरून ती उचलली जाते. पट्टी एकसारखी जाड हवी तर सुई डावी-उजवीकडे सावकाश सरकवावी. संक्रांतीला चक्रीवर मांजा भरणारा हात जसा इकडून तिकडे फिरतो तसेच. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की थर जाड होत गेला की खालच्या तंतूंवरचा शिल्लक भार नव्या तंतूंना ढकलतो आणि वरचे थर खालच्याइतके शिस्तीत राहत नाहीत. जाड पट्टी हवी असेल, तर दर वीस मिनिटांनी पाच मिनिटे थांबून भार निथळू द्यावा.

अगदी काटेकोर रांग हवी असेल तेव्हा ड्रमऐवजी धारदार कडेची पातळ तबकडी घेतात. क्षेत्र कडेवर एकवटते आणि तंतू त्या अरुंद कडेवरच गुंडाळले जातात. थेरॉन, झुस्मन आणि यारिन यांनी २००१ मध्ये ही रचना मांडली. दिशा उत्तम मिळते, जागा मात्र अवघी काही मिलिमीटर.

दोन पट्ट्यांमधली फट

हाताशी मोटर नसेल तर ही पद्धत सर्वांत स्वस्त, आणि शिकण्यासाठी मला तीच सर्वांत आवडते. ली, वांग आणि शिया यांनी २००३ मध्ये ती दाखवली. काचेच्या जाड तुकड्यावर दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या समांतर चिकटवाव्यात, मध्ये एक ते दोन सेंमी फट ठेवावी आणि दोन्ही एकाच अर्थला जोडाव्यात. फटीच्या दोन्ही बाजूंकडून ओढ लागल्यामुळे तंतू पट्ट्यांना काटकोनात, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर ताणला जातो. तंतूंवरचा भार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून अंतरेही बऱ्यापैकी समान येतात.

तंतू घेण्याचा वेळ तीस सेकंदांपासून सुरू करावा. दोन-तीन मिनिटांपुढे भार साचतो आणि नंतरचे तंतू तिरके पडू लागतात. फट वाढवली की लांब तंतू मिळतात पण तुटतातही. बारीक तंतूंसाठी एक सेंमीच्या पुढे जपून जावे. काच अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करावी, कारण दमट दिवशी तिच्यावरच्या ओलीतून वीज झिरपते आणि फट असून नसल्यासारखी होते. ऑगस्टमध्ये ही पद्धत फसते ती बहुतेक यामुळेच. फट मोकळी ठेवली असेल, तर खालून कव्हर स्लिप हळूच वर उचलून तंतू अलगद घेता येतात. आडवे-उभे जाळे हवे असेल तर चार पट्ट्या चौकोनात लावून आधी एक जोडी आणि मग दुसरी जोडी अर्थ करावी.

व्हिपिंगच्या आधी पकडणे

एकेक तंतू आखलेल्या रेषेवर ठेवायचा असेल, तर सुई कलेक्टरच्या अगदी जवळ आणावी लागते. सन, चांग, ली आणि लिन यांनी २००६ मध्ये अर्धा ते तीन मिलिमीटर अंतरावर आणि अवघ्या ६०० व्होल्टपासून पुढे हे साधले. धार सरळ भागातच पकडली जाते आणि खालचा एक्स-वाय टेबल हलवून रेघ लिहिता येते. पाण्यातले पीईओ (पॉलिएथिलीन ऑक्साइड) यासाठी सरावाला चांगले. द्रावण नेहमीपेक्षा घट्ट आणि प्रवाह अत्यंत कमी.

इथे सारा खेळ टेबलाचा वेग आणि धारेचा वेग जुळवण्याचा आहे. टेबल हळू असेल तर तंतू जिलबीसारखी वेटोळी घालतो, थोडा वेग वाढवला की नागमोडी होतो, नेमक्या वेगाला सरळ रेघ येते आणि त्यापुढे ताणून बारीक होत तुटतो. म्हणून एकाच काचेवर वेग टप्प्याटप्प्याने वाढवत दहा रेघा ओढाव्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पहिली सरळ रेघ कोणत्या वेगाला आली ते पाहावे. काम त्या वेगापेक्षा किंचित जास्तवर करावे. वितळलेल्या पीसीएलनेही असेच लिहिता येते, त्यात विद्रावकाची कटकट नसते आणि थरावर थर नेमके रचता येतात. मात्र तंतू बहुधा काही मायक्रॉन जाड असतात, नॅनो म्हणवून घेण्याइतके बारीक नसतात.

संरेखन मोजणे

डोळ्यांना सरळ दिसणे पुरेसे नाही. पहिली चाचणी दोन मिनिटांची आणि फुकटची आहे: चौकटीवर ताणलेल्या पातळ थरातून लेझर पॉइंटरचा किरण भिंतीवर टाकावा. विस्कळीत तंतूंमुळे बिंदूभोवती गोल धूसर वलय दिसते. तंतू रांगेत असतील तर त्यांच्या दिशेला काटकोनात एक लांब पट्टा उमटतो. पट्टा जितका अरुंद तितकी ओळ नीट. लेझर डोळ्यांच्या उंचीवर धरू नये.

मग एसईएमच्या, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, प्रतिमा. एकाच नमुन्याच्या मध्यावर, दोन्ही कडांवर, आणि थराच्या वरच्या व खालच्या अंगाला प्रतिमा घ्याव्यात आणि वर्धन सगळीकडे सारखे ठेवावे. इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निदान शंभर तंतूंचे कोन मोजून त्यांचा आलेख काढावा. सरासरी दिशेपासून प्रत्येक तंतूचा कोन घेऊन त्याच्या कोसाइनच्या वर्गाच्या दुपटीतून एक वजा करावा आणि साऱ्यांची सरासरी काढावी. ती एकच्या जवळ असेल तर तंतू समांतर, शून्याच्या जवळ असेल तर विस्कळीत. फक्त सर्वांत देखण्या प्रतिमेवरून हा आकडा काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. कडांचे आकडे सोडून दिलेला अहवाल मी विद्यार्थ्याला परत करतो.

नमुना ड्रमवरून काढण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर तंतूंच्या दिशेचा बाण शिसपेन्सिलीने काढावा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि पांढऱ्या पट्टीचा तुकडा एकदा टेबलावर फिरला, की कोणती बाजू कोणती हे एसईएमशिवाय सांगता येत नाही.